मोठी संख्या मूळ आहे, हे कशावरून?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एका नव्या मूळ संख्येची बातमी जगभर झळकली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा, की ती संख्या मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक बसवले तरी ती छापायला साडेतेरा हजारांहून जास्त पानं लागतील. बहुतेक बातम्या या आकाराशीच थांबल्या. मला त्यातली खरी नवलाची गोष्ट वेगळी वाटते. एवढ्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून दुसरा एकही विभाजक नाही, हे माणूस छातीठोकपणे सांगू शकतो. आणि हे सांगण्यासाठी सगळे विभाजक कोणी तपासून पाहिलेले नाहीत. मग सांगता कसं येतं? या प्रश्नाचा माग जवळजवळ चारशे वर्षं घेतला जातो आहे, आणि त्यातला एक निर्णायक टप्पा कानपूरला घडला आहे.

मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध केलं. कितीही मोठी मूळ संख्या घ्या, तिच्याहून मोठी असतेच. म्हणून ‘सर्वांत मोठी’ या शब्दांना फक्त ‘आजवर सापडलेल्यांत’ एवढाच अर्थ आहे. युक्लिडची सिद्धता मूळ संख्या आहे एवढं सांगते, नेमकी कुठे आहे ते सांगत नाही. शाळेतली रीत अशी की दिलेल्या संख्येला तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. ९७ साठी २, ३, ५, ७ एवढ्यांत काम होतं. पण संख्या १०० अंकी असेल तर वर्गमूळ पन्नास अंकी होतं, आणि त्याखालच्या मूळ संख्यांची मोजदाद एकावर सत्तेचाळीस शून्यं, त्याच्या आठपटींहून अधिक भरू शकते. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतके भागाकार करणारं यंत्र मिळालं तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे दोन लाख कोटी पट वेळ लागेल. १०० अंकांनाच ही स्थिती, तर चार कोटी अंकांचं नावच नको.

तेव्हा भागाकार सोडून मूळ संख्येचा एखादा अंगचा गुण शोधायचा, जो संयुक्त संख्येत कधीच आढळणार नाही आणि जो तपासायला सोपा असेल. यात दोन वाटा निघाल्या. एक, विशिष्ट घडणीच्याच संख्या घ्यायच्या आणि त्या घडणीचा फायदा उठवायचा. दुसरी, कोणतीही संख्या चालेल अशी रीत शोधायची.

पहिल्या वाटेवर मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूचं नाव लागलेलं आहे. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना त्याच्या नावाने मेर्सेन संख्या म्हणतात. सोयीसाठी इथे २ च्या ७ व्या घातातून १ वजा केलेल्या संख्येला, म्हणजे १२७ ला, म-७ म्हणू. घातांक संयुक्त असेल तर संख्याही संयुक्तच निघते: म-६ म्हणजे ६३, आणि ६३ म्हणजे ७ गुणिले ९. घातांक मूळ असला म्हणजे भागलं असंही नाही. म-११ म्हणजे २०४७, आणि ती २३ गुणिले ८९ आहे. १६४४ साली मेर्सेनने छापून टाकलं की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच मूळ संख्या मिळते. इतक्या मोठ्या संख्या त्या काळी तपासणं कुणालाच शक्य नव्हतं. यादीत ६७ आणि २५७ चुकीचे होते, तर ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. पण हे पक्कं व्हायला १९४७ उजाडलं. चुकीच्या यादीने गणितज्ञांना तीनशे वर्षं कामाला लावलं, म्हणून ती मला एखाद्या बरोबर यादीपेक्षा मोलाची वाटते.

म-३१ चा निकाल १७७२ मध्ये ऑयलरने लावला. ही संख्या २,१४,७४,८३,६४७. तिचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे. ऑयलरचा आधार असा होता: म-३१ ला विभाजक असलाच, तर त्या मूळ विभाजकाला ३१ च्या दुपटीने, ६२ ने, भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरली पाहिजे. दोन्ही अटी एकत्र केल्या तर २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी राहणाऱ्या संख्याच उरतात. ४६ हजारांपर्यंत अशा जेमतेम पावणेचारशे, आणि त्यातल्या मूळ आणखी थोड्या. एवढ्यांनीच भागून पाहायचं. हीच संख्या पुढे संगणकाच्या जगात वारंवार भेटते. द्विमान पद्धतीत ती लिहिली की सलग एकतीस एक होतात, आणि ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची ती कमाल मर्यादा आहे. २०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या प्रेक्षकसंख्येने ही मर्यादा गाठली, तेव्हा यूट्यूबला आपला मोजणीचा आकडा ६४ बिटांचा करावा लागला. जुन्या पद्धतीने सेकंद मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी याच संख्येपाशी अडकणार आहेत.

ऑयलरची चाळणी कितीही बारीक असली तरी शेवटी भागाकारच होता. त्यातून पूर्ण सुटका एदुआर लूकसने केली. १८७६ मध्ये त्याने म-१२७ मूळ असल्याचं दाखवलं. ती ३९ अंकी आहे, आणि हाताने आकडेमोड करून सिद्ध झालेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या. १९३० मध्ये डी. एच. लेमर यांनी ही रीत आज वापरतात त्या रूपात आणली. ती इतकी सुटसुटीत आहे की इथेच करून पाहता येते. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. म-७ म्हणजे १२७ साठी: ४ वरून १४; १४ वरून १९४, म्हणजे बाकी ६७; ६७ वरून ४४८७, बाकी ४२; ४२ वरून १७६२, बाकी १११; १११ वरून १२३१९, बाकी ०. घातांकाहून दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्या झाल्या आणि शून्य आलं. शून्य आलं तर संख्या मूळ. नाही आलं तर संयुक्त. तिसरी शक्यताच नाही. २०२४ ची चार कोटी अंकी संख्या तपासायलाही हेच करायचं, फक्त पायऱ्या साडेतेरा कोटींच्या वर, आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकांचा वर्ग.

हे जमतं कशामुळे, तो या सगळ्या विषयाचा गाभा आहे. मेर्सेन संख्येत १ मिळवला की २ चा निव्वळ घात मिळतो, म्हणजे तिच्या पुढच्या संख्येचे सगळे मूळ अवयव आपल्याला आधीच ठाऊक असतात. एखाद्या संख्येच्या लगेच मागच्या किंवा लगेच पुढच्या संख्येचे पुरेसे अवयव माहीत असतील, तर ती मूळ आहे की नाही याचा निर्विवाद पुरावा उभा करता येतो. विक्रमांच्या यादीत २ च्या मोठ्या घाताला चिकटून बसलेल्या संख्यांचीच गर्दी का असते, याचं उत्तर यात आहे. त्या अंकसंख्येच्या आसपास इतर मूळ संख्या अगणित आहेत. पण त्यांच्या शेजारणी आपल्याला ओळख देत नाहीत.

लूकसच्या रीतीचं आणखी एक फळ त्या काळच्या लोकांना विचित्र वाटलं असणार. १८७६ मध्येच त्याने म-६७ संयुक्त असल्याचं दाखवलं, पण तिचा एकही विभाजक त्याला सांगता आला नाही. संख्या फुटते हे नक्की. कुठे फुटते ते अज्ञात. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी सांगितलं. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. उत्तर १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजेच म-६७. एक शब्दही न बोलता त्यांनी फळ्यावर हे करून दाखवलं, अशी कथा सांगतात. मला त्या कथेपेक्षा त्यातला पहिला विभाजक जास्त बोलका वाटतो. त्यातून १ वजा करून ६७ च्या दुपटीने, १३४ ने, भागलं तर बरोबर १४४५५८० येतात, बाकी शून्य. ऑयलरची अट तिथे चोख पाळलेली दिसते. संख्या मूळ आहे का, आणि नसेल तर तिचे अवयव कोणते, हे दोन प्रश्न तेव्हापासून अलग झाले. पहिला आज सोपा आहे, दुसरा आजही महाकठीण.

यंत्रं आल्यावर पुढचा प्रवास वेगाने झाला. ३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या ‘स्वॅक’ संगणकावर राफाएल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमने एकाच दिवसात म-५२१ आणि म-६०७ मिळवल्या. १९६३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात म-११२१३ सापडली, तर तिथल्या टपालाच्या शिक्क्यावर तिचं सूत्र झळकलं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरा निकेल आणि लँडन कर्ट नोल या दोन विद्यार्थ्यांनी म-२१७०१ शोधली. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी ‘गिम्प्स’ हा प्रकल्प सुरू केला आणि हे काम जगभरच्या घरगुती संगणकांवर वाटलं गेलं. १९९९ मध्ये दहा लाखांहून जास्त अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी नयन हजरतवाला यांना पन्नास हजार डॉलर मिळाले. २०२४ ची संख्या ल्यूक ड्युरँट यांनी ग्राफिक्स प्रोसेसरच्या बळावर मिळवली. डब्लिनमधल्या यंत्राने तिच्याकडे बोट दाखवलं, आणि टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या यंत्राने लूकस-लेमर चाचणीने दुसऱ्याच दिवशी शिक्कामोर्तब केलं.

इथे एक रास्त शंका येते. साडेतेरा कोटी पायऱ्यांत एक बिट कुठे उलटला तर? आधीची उपाययोजना म्हणजे वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या प्रोग्रॅमने सगळं पुन्हा करायचं. २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बिच यांनी हिशेब चालू असतानाच चूक पकडणारी तपासणी शोधली. २०२० पासून ‘गिम्प्स’मध्ये चाचणीबरोबर एक छोटा पुरावाही तयार होतो. मूळ कामाच्या तुलनेत अगदी थोड्या श्रमांत दुसरा कोणीही तो पडताळू शकतो. मोठ्या आकड्यांच्या बातम्यांत या सुधारणांचं नावही येत नाही. माझ्या लेखी त्या नव्या विक्रमाइतक्याच महत्त्वाच्या आहेत, कारण विक्रमावरचा विश्वास त्यांच्यावरच उभा आहे.

आता दुसरी वाट, जिथे संख्येच्या घडणीची काहीच सवलत नाही. तिचा उगम १६४० मध्ये फर्माने मांडलेल्या गुणात आहे. मूळ संख्या घ्या, तिने भाग जात नसलेली कोणतीही संख्या ‘पाया’ म्हणून घ्या, आणि त्या पायाचा ‘मूळ संख्या उणे १’ इतका घात करा. मूळ संख्येने भागल्यावर बाकी १ च राहते. १५ तपासू. २ चा १४ वा घात १५ ने भागला की बाकी ४. म्हणजे १५ संयुक्त, ३ आणि ५ चं नावही न घेता. घात प्रचंड असला तरी वर्गावर वर्ग करत गेलं की १०० अंकी संख्येला सुमारे ३३० वर्ग पुरतात.

पण काही संयुक्त संख्या ही परीक्षा फसवून उत्तीर्ण होतात, आणि तीही जवळजवळ कोणताही पाया घेतला तरी. त्यांना कारमायकेल संख्या म्हणतात. सर्वांत लहान ५६१, म्हणजे ३ गुणिले ११ गुणिले १७. त्यांच्यातली तिसरी आपल्या चांगलीच ओळखीची आहे: १७२९. हार्डी आणि रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीमुळे तिचा दोन घनांच्या बेरजेचा गुण शाळकरी मुलांनाही माहीत असतो. पण तिचे अवयव पाहा, ७, १३ आणि १९. प्रत्येकातून १ वजा केला की ६, १२, १८. आणि या तिघांनीही १७२८ ला निःशेष भाग जातो. एवढ्यामुळेच १७२९ फर्माच्या परीक्षेत मूळ संख्येसारखी वागते. अशा संख्या अनंत आहेत, हे १९९४ मध्ये अल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी सिद्ध केलं.

हे छिद्र गॅरी मिलर यांनी १९७६ मध्ये आणि मायकेल राबिन यांनी १९८० मध्ये बुजवलं. मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात ज्यांचा वर्ग १ येतो अशा संख्या दोनच: १ आणि उणे १. संयुक्त संख्येत अशा आणखी लपलेल्या असू शकतात. फर्माचा घात करताना वाटेत अशी तिसरी भेटली, की सोंग उघडं पडलं. यादृच्छिक पाया घेऊन केलेल्या एका तपासणीत संयुक्त संख्या सुटण्याची शक्यता जास्तीत जास्त चारात एक. वीस तपासण्यांत ती एक लाख कोटीत एकाहूनही खाली जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षेसाठी वापरतात त्या २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीला १०२४ बिटांच्या, म्हणजे तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्या लागतात. त्या आकाराच्या संख्यांत साधारण सातशे दहांत एक मूळ असते. सम सोडून दिल्या तर सरासरी साडेतीनशे प्रयत्नांत मिळते, आणि संगणक ती क्षणात मिळवतो. विक्रमी मेर्सेन संख्यांचा मात्र या गुप्ततेला उपयोग नाही: इथे लागणारी मूळ संख्या गुपित असावी लागते, आणि त्या तर जगजाहीर. उघड असूनही कामाची संख्या हवी, तर व्हॉट्सअ‍ॅपकडे पाहा. तिथल्या संदेशांच्या किल्ल्या २ च्या २५५ व्या घातातून १९ वजा केलेल्या ७७ अंकी मूळ संख्येवर चालतात. तिच्या जगात २ चा २५५ वा घात म्हणजे फक्त १९. त्यामुळे मोठ्या गुणाकाराची बाकी काढायला भागाकार लागत नाही, वरचा भाग १९ ने गुणून खाली मिळवला की झालं.

तरी मिलर-राबिनचं उत्तर ‘जवळजवळ नक्की’ एवढंच. नशिबावर न विसंबता, कोणतंही असिद्ध गृहीतक न घेता, कोणत्याही संख्येचा निकाल झटपट लावता येईल का? मिलर यांची मूळ रीत निश्चित उत्तर देते, पण त्यासाठी विस्तारित रीमान गृहीतक खरं मानावं लागतं. १९८३ मधली अ‍ॅडलमन, पॉमरन्स आणि रुमेली यांची रीत ध्येयाच्या अगदी जवळ जाऊन थांबली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी उत्तर दिलं: होय, येईल. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. त्यांचा आधार आपल्याकडच्या मेरुप्रस्ताराच्या, म्हणजे वरच्या दोन शेजारी संख्यांची बेरीज खाली लिहीत गेलेल्या त्रिकोणाच्या, ओळींत दिसतो. सातवी ओळ पाहा: १, ७, २१, ३५, ३५, २१, ७, १. टोकाचे एक सोडले तर सगळ्यांना ७ ने भाग जातो. सहावी ओळ १, ६, १५, २०, १५, ६, १. इथे १५ ला आणि २० ला ६ ने भाग जात नाही. हा गुण मूळ संख्यांचा आणि फक्त त्यांचाच. अडचण एवढीच, की मोठ्या संख्येची ओळ लिहायला जन्म पुरणार नाहीत. त्या तिघांनी ओळीची घडी घालून तिचा छोटा अवशेष तपासला, आणि असे थोडेसेच अवशेष तपासले तरी पुरतं, हे सिद्ध केलं. शोधनिबंध २००४ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला, आणि २००६ मध्ये गोडेल पारितोषिक मिळालं.

ही रीत प्रत्यक्षात कोणी वापरत नाही. ती फार संथ आहे. घडण नसलेल्या मोठ्या संख्यांसाठी लंबवर्तुळीय वक्रांवर आधारलेली, अ‍ॅटकिन आणि मोराँ यांनी घडवलेली रीत चालते. ती प्रत्येक संख्येमागे असा दाखला ठेवते की तो पडताळायला शोधण्याइतके कष्ट लागत नाहीत. पण म्हणून कानपूरच्या कामाला दुय्यम ठरवणं मला मान्य नाही. वक्रांची रीत प्रत्येक वेळी झटपट संपेलच, याची सिद्धता नाही. ती हमी प्रथम कानपूरने दिली. दोन वाटांमधलं अंतरही इथेच मोजता येतं: घडण नसलेल्या संख्येचा पक्का पुरावा आज लाखाच्या घरातल्या अंकसंख्येपर्यंत पोचला आहे; मेर्सेन संख्येचा चार कोटींच्या पुढे.

उरलेले प्रश्न दिसायला साधे आहेत. प्रत्येक मेर्सेन मूळ संख्येबरोबर एक परिपूर्ण संख्या मिळते, जिचे स्वतः सोडून सगळे विभाजक मिळवले की ती स्वतःच येते, जसे ६ किंवा २८. युक्लिडने हे दाखवलं, आणि सम परिपूर्ण संख्या सगळ्या अशाच असतात हे ऑयलरने. २०२४ च्या संख्येतून निघणारी परिपूर्ण संख्या ८,२०,४८,६४० अंकांची आहे. विषम परिपूर्ण संख्या असते का, हे अज्ञात. मेर्सेन मूळ संख्या अनंत आहेत का, हेही अज्ञात. आजवर ५२ सापडल्या, पण मधल्या सगळ्या घातांकांची दुबार तपासणी व्हायची असल्याने शेवटची क्रमानेही ५२ वीच, असं म्हणता येत नाही. घातांक दुप्पट होईपर्यंत सरासरी १.७८ मूळ संख्या भेटाव्यात असा लेन्स्ट्रा, पॉमरन्स आणि वॅगस्टाफ यांचा अंदाज आहे. सापडलेल्या संख्या त्याच्याशी बऱ्याच जुळतात, पण सिद्धता नाही.

आणि लूकसची म-१२७ हीच घातांक म्हणून वापरली तर? त्या संख्येला इतके अंक आहेत की अंकांची संख्या लिहायलाच ३८ अंक लागतात. लूकस-लेमर चाचणी तिथे निरुपयोगी, कारण पायऱ्याच १७ वर सदतीस शून्यं इतक्या. एकच मार्ग मोकळा आहे, ऑयलरचा: म-१२७ च्या दुपटीची एखादी पट घेऊन तिच्यात १ मिळवायचा आणि भाग जातो का पाहायचं. तो शोध चालू आहे, विभाजक सापडलेला नाही. सापडला तर संख्या संयुक्त ठरेल. ती मूळ असेल, तर ते सिद्ध करण्याची आज अमलात आणता येईल अशी एकही रीत आपल्याकडे नाही.